शून्य, दोन आणि मधला रिकामा एक

नान्त वेलिन,
३ मार्च २०१९

चि. लाउरी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझी आई जाऊन आज पंधरा आठवडे झाले. घड्याळाला रविवारी किल्ली देतो, त्यानंतर चॅपेलला जातो. शेजारणी आळीपाळीने मनुका घातलेला पाव आणून देतात. आतापर्यंत सात झाले. सातही मी संपवले, कारण मेन्नाच्या घरी अन्न टाकले जात नसे.

महत्त्वाचे बोलणे दूरध्वनीवर करू नये हा आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहेच. म्हणून हे पत्र, आणि त्यासोबत रजिस्टर्ड टपालाने एक बिस्किटांचा डबा. जिन्याखालच्या कपाटात तो सापडला. त्यात अकरा फ्लॉपी डिस्क आहेत. दहा शाळेतील खेळांच्या व पाढ्यांच्या आहेत. अकरावीवर तुझ्या आईच्या अक्षरात ‘आमच्या खाणीचे शब्द, १९८६’ असे आहे. तुला आठवत असेल, त्या वर्षी तिने वर्गातील मुलांना घरोघर पाठवून, खाणीत पाटीचा दगड काढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करविले होते आणि शाळेच्या बीबीसी मायक्रो या संगणकावर त्यांचा कोश रचला होता. लेबलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘०’ आणि ‘२’ हे आकडे आहेत. त्यांचा अर्थ मला कळला नाही.

जुन्या शाळेचे आता गावाचे सभागृह होत आहे. १८ मे रोजी उद्घाटन आहे. समितीचा अध्यक्ष गेरल्ट, म्हणजे आपला पाथरवट, मेन्नाचाच विद्यार्थी. त्याने मला खाटकाच्या दुकानात सर्वांदेखत अडविले आणि म्हणाला की काका, बाईंनी आमच्या मानगुटीवर बसून ते शब्द आणवले होते, आजोबांच्या शिव्या खाल्ल्या आम्ही त्यापायी, आता ते पडद्यावर दिसलेच पाहिजेत. शाळेचे यंत्र केव्हाच भंगारात गेले. त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम आता साध्या लॅपटॉपवर चालतो, असे तू पूर्वी एकदा म्हणाली होतीस. त्या वेळी मी लक्ष दिले नाही. आता देत आहे.

डब्यावरील दोरी परत पाठवावी. ती चांगली आहे. लोभ तर आहेच, तो अक्षरांतूनही दिसावा.

तुझा पिता,
ग्विनफोर पॅरी

*

डंडी,
१७ मार्च २०१९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दोरी सोबत आहे. मोजून घ्या, एक इंचही कापलेली नाही.

बाबा, डिस्क वाचली गेली! तेहेतीस वर्षं कपाटात पडून होती, आणि ऑफिसातल्या एका मित्राच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली तर पहिल्या फटक्यात बोलायला लागली. आईनं डिस्कांबरोबर तांदळाची पुरचुंडी ठेवली होती ना डब्यात, ओल धरू नये म्हणून? त्या तांदळाचीच कृपा. डिस्कवर जे होतं ते जसंच्या तसं, एकही खूण इकडची तिकडे न करता, एका फाइलमध्ये उतरवलंय. तिला डिस्कची इमेज म्हणतात. इम्युलेटर म्हणजे तो नक्कल करणारा प्रोग्राम. तो या फाइलला खरीखुरी डिस्कच समजतो. दोन्ही एका पेनड्राइव्हवर घालून पाठवतेय. मूळ फाइलला कुलूप घातलंय, नक्कल उघडायची. तुम्ही जमिनींचे नकाशे जपता, तशी ही जपा.

कसं चालवायचं: इम्युलेटर उघडा, फाइल निवडा, मग शिफ्टचं बटण दाबून धरा, एफ-बारा दाबून सोडा, आणि मगच शिफ्ट सोडा. आधी शिफ्ट सोडलंत तर काही होणार नाही आणि तुम्ही मला रागावाल.

आता वाईट बातमी. शब्द अर्ध्या मुळाक्षरांपर्यंतच आहेत. ‘एल’ संपला की कोश संपतो. दुसरी बाजूही पाहिली मी. लहानपणी आपल्या घरच्या कॉम्प्युटरला करायचे तशी फ्लॉपी उलटी करून घातली. नुसती खरखर. त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती, आईच्या तिच्याकडे रोज दोन खेपा व्हायच्या. तिथंच राहिलं असणार. वाईट वाटून घेऊ नका. अर्धं तर अर्धं, आहे ते सुंदर आहे.

आठवा पाव आला की फ्रीजरमध्ये टाका, एकट्यानं संपवू नका. तुमच्या रागासकट तुमच्या मायेची हक्कदार,

लाउरी

*

नान्त वेलिन,
३१ मार्च २०१९

चि. लाउरी हिस आशीर्वाद. वि. वि.

पेनड्राइव्ह मिळाला. शिफ्ट मी तीन वेळा आधी सोडले. रागावलो नाही. चौथ्या वेळी यश आले.

यंत्र सुरू होताना दोन सुरांचा आवाज येतो, आधी खालचा, मग वरचा. सुट्टीत मेन्ना शाळेचे यंत्र घरी आणीत असे आणि मी बैठकीत नकाशे तपासत असताना तो आवाज भिंतीतून येत असे. त्याची मी तेव्हा तक्रार करीत असे. आज तो ऐकून मी खुर्चीवरून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मग परत येऊन बसलो.

चारशे बारा शब्द आहेत. प्रत्येकापुढे अर्थ, आणि तो कोणी सांगितला त्याचे नाव. तिने एकही शब्द बेवारस ठेवला नाही. वाचून मला किती अभिमान वाटला हे लिहिण्याची भाषा मला येत नाही. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या.

परंतु एक अडचण उभी राहिली आहे. गेरल्ट सभागृहासाठी पाटीच्या दगडावर लेख कोरणार आहे: ‘मेन्ना पॅरी व नान्त वेलिन शाळेची मुले. खाणीच्या शब्दांचा कोश. अपूर्ण.’ शेवटच्या शब्दाला मी हरकत घेतली. तो म्हणाला की बाईंचा मान माझ्या डोक्यावर, पण काका, जे पडद्यावर नाही ते मी दगडात कसं घालू? दगड खोटं बोलला तर पाथरवटाचं नाक कापलं जातं. त्याचे म्हणणे रास्त आहे, म्हणूनच ते मला झोंबले. ईस्टरपूर्वी तो कोरणार आहे.

लाउरी, सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तुझ्या आईने काहीही अर्धे सोडलेले मी पाहिले नाही. विणायला घेतलेला मोजा नाही, मुरंबा नाही, भांडणही नाही. आजीच्या आजारपणात तिने झोप सोडली असेल. काम सोडले नसेल. तो दगड सभागृहाच्या भिंतीवर शंभर वर्षे राहील. त्याने तिला अर्धवट म्हणावे हे मला सहन होणार नाही.

म्हणून दोन गोष्टी तुझ्यापुढे ठेवतो. एक, लेबलावर शून्य आहे, दोन आहे. मग एक कुठे गेला? मोजणी करणारा माणूस आकडा गाळीत नाही, आणि तुझी आई तर नाहीच. दुसरी, तिने डिस्क कधीही उलटी घातल्याचे मला स्मरत नाही. उलट, तू एकदा शाळेच्या यंत्रात ती पालटून घालू गेलीस तेव्हा तिने तुझ्या हातावर फुटपट्टी मारली होती. तुला ते आठवत नसावे. मला आठवते, कारण नंतर ती स्वतःच रडली होती.

आणखी एक सांगून ठेवतो. माझे वडील खाणीत दगडाचे पापुद्रे काढीत. त्यांचे शब्द कोशासाठी द्याल का, असे तिने मला विचारले होते. मी म्हणालो की त्या यंत्राच्या पेटीला खाऊ घालण्यासाठी माझ्या बापाचे शब्द नाहीत. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. कोशात माझे काही नाही. ते माझेच करणे आहे.

उत्तर लवकर दे. तुझ्यावरील माया नेहमीइतकीच, थोडी घाईत,

ग्विनफोर पॅरी

*

डंडी,
९ एप्रिल २०१९

ती. बाबा, सा. न. वि. वि.

नमस्कार नंतर नीट घालेन, आधी बातमी. तुम्ही बरोबर होतात. आई बरोबर होती. गाढव मी.

फुटपट्टी चांगली आठवतेय! शाळेच्या ड्राइव्हला वाचायची दोन डोकी होती, एक वर, एक खाली. त्यामुळे डिस्क पालटायचीच नसते. ती आहे तशीच ठेवून खालचं डोकं दुसरी बाजू वाचतं. पालटली तर ती उलट्या दिशेनं फिरते आणि खरखर ऐकू येते. आपल्या घरच्या गरीब ड्राइव्हला एकच डोकं होतं, तीच सवय माझ्या हाताला. आणि आकडे! ते यंत्र वरच्या बाजूला शून्य म्हणतं, खालच्या बाजूला दोन. एक हा आकडा शेजारी दुसरा ड्राइव्ह जोडला तर त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो. आईनं पेन्सिलीनं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, आणि कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या तिच्या लेकीला ते वाचता आलं नाही. जमिनी मोजणाऱ्याला आलं. ऑफिसात सांगितलं तर मित्र म्हणाला की तुझ्या जागी तुझ्या बाबांनाच नेमायला पाहिजे.

दोन्ही बाजूंची नवी इमेज केलीय, सोबत आहे. इम्युलेटर चालू झाला की चांदणीची खूण, लगेच ड्राइव्ह, मग जागा सोडून दोन, असं टाइप करा. पुढचं चिठ्ठीवर लिहिलंय.

एकूण आठशे एकाहत्तर शब्द, बाबा. शेवटच्या अक्षरापर्यंत. मी फक्त मोजलेत, आणि चुकून थोडं वाचलं, मग बंद केलं. आधी तुम्ही वाचायचं. सगळं वाचा, नावांसकट.

पळा आता गेरल्टकडे. हात पुढे करून, फुटपट्टीच्या तयारीत,

लाउरी

*

नान्त वेलिन,
१६ एप्रिल २०१९

चि. लाउरी हिस आशीर्वाद. वि. वि.

वाचले. नावांसकट वाचले.

पडद्यावर ‘एन’चा तिसरा शब्द आला. चांगल्या पाटीला टिचकी मारली असता ती जो नाद देते त्यासाठी माझे वडील वापरीत तो शब्द. अर्थ अचूक दिला होता. खाली सांगणाऱ्याचे नाव: ‘ग्विनफोर पॅरी, बटाटे सोलताना.’

मला वाटले माझ्या चष्म्याचा दोष आहे. पुढे गेलो. ‘ग्विनफोर पॅरी, बूट न सापडल्यामुळे रागावून.’ ‘ग्विनफोर पॅरी, चॅपेलमध्ये प्रवचन लांबले तेव्हा, कुजबुजत.’ ‘ग्विनफोर पॅरी, सासूबाईंना उचलून खिडकीशी बसविताना.’ हा शेवटचा शब्द जड दगड दोघांनी मिळून, एका दमात, न हिसडता उचलण्यासाठी आहे. तो मी आजीच्या खोलीत उच्चारला होता आणि तुझ्या आईने पलीकडची बाजू धरली होती. तिने तेव्हा वर पाहिले होते, एवढेच आठवते.

असे त्रेसष्ट शब्द आहेत, सर्व खालच्या बाजूला; वरची बाजू तिने मला विचारण्यापूर्वीच भरून गेली होती. गावात कोणाच्याही नावावर इतके नाहीत. मी नकार दिला आणि ती वर्षभर माझ्यासमोर बसून जेवत, हसत, ऐकत राहिली.

नंतर गेरल्टच्या कारखान्यात गेलो. दगड कोरून तयार होता. ‘अपूर्ण’ हा शब्द त्याने विशेष सुबक काढला होता. मी लॅपटॉप उघडला, शिफ्ट योग्य वेळी सोडले आणि त्याला खालची बाजू दाखविली. ‘आर’मध्ये त्याच्या आजोबांचा शब्द निघाला, खाली तो आणणाऱ्या गेरल्टचे नाव, वय वर्षे नऊ. त्याने हातांवरील धूळ पुसली. मग म्हणाला की म्हातारा शब्द सांगायला दोन पेनी मागायचा, काका, आणि बाई खरंच द्यायच्या.

दगड वाया गेला याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला की वाया कसला, बाईंच्या डिस्कला दोन बाजू आणि माझ्या पाटीला काय एकच? आम्ही दोघांनी ती दोन टोकांना धरून पालटली. एका दमात, न हिसडता. खालची बाजू वरच्याहून गुळगुळीत निघाली.

१८ मे रोजी यावे. तुझ्या खोलीत अंथरूण घातले आहे, पाव फ्रीजरमध्ये दोन आहेत. आतुरतेने, जी मी सहसा लिहीत नाही,

ग्विनफोर पॅरी

*

नान्त वेलिन,
२० मे २०१९

चि. लाउरी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तू गाडीत बसलीस आणि घर पुन्हा घड्याळाचे झाले. परवाचा समारंभ तू पाहिलासच, म्हणून वर्णन करीत नाही. एक गोष्ट मात्र तू चहा ओतीत असल्यामुळे तुझ्या नजरेतून सुटली, ती लिहितो. मेन्नाच्या त्या वर्गातील अकरा जण आले होते, सर्व चाळिशी ओलांडलेले. पडद्यासमोर प्रत्येक जण आपले नाव शोधीत होता. सापडले की मोठ्याने वाचून दाखवी, आणि उरलेले दहा, न ठरविता, वर्गातल्यासारखे ‘हजर!’ म्हणून ओरडत. शेवटी गेरल्टने तुझ्या आईचे नाव घेतले. ते कोशात कुठेही नाही, पाटीवर आहे. तेव्हाही ते ओरडले. मीही ओरडलो, असे शेजारीण म्हणते.

पाटीवर आता ‘अपूर्ण’ नाही. तो शब्द पाठीमागे आहे, भिंतीकडे तोंड करून. तो तिथे आहे हे गेरल्टला आणि मला ठाऊक आहे. काल रात्रीपासून त्याविषयी विचार करतो आहे. तुझ्या आईच्या बाजूने काही राहिले नव्हते. परंतु माझ्या वडिलांचे आणखी शब्द मला येतात. बटाटे सोलताना ते निघाले नाहीत, म्हणून तिला मिळाले नाहीत. मोजून पाहिले, आज सकाळपर्यंत एकोणचाळीस आठवले.

तिच्या डिस्कमध्ये ते घालू नयेत हे मला मान्य आहे. तिचे आहे तसे, एकही खूण न हलविता राहावे. पण तूच लिहिले होतेस की त्या यंत्रात शून्य आणि दोन या तिच्या बाजू, आणि एक हा आकडा शेजारी जोडलेल्या दुसऱ्या ड्राइव्हसाठी राखलेला असतो. तो रिकामा आहे. तरी एका कोऱ्या डिस्कची इमेज करून पाठवावी. कुलूप घालू नये.

पहिला शब्द तयार आहे, अर्थही शुद्ध करून ठेवला आहे. सांगणाऱ्याच्या नावापुढे तिच्या पद्धतीप्रमाणे प्रसंग लिहावा लागेल. मी असा लिहिणार आहे: ‘ग्विनफोर पॅरी, स्वतःहून.’

पत्र आणि कोरी डिस्क एकदमच यावी. तुझी माया आहे तशी राहो,

तुझा पिता,
ग्विनफोर पॅरी