मागच्या रांगेच्या टँकरची आज्ञावली

मी, अच्युत दत्तोपंत लासूरकर, वय वर्षे चोपन्न, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वेच्छेने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. क्रोधही शाबूत आहे, आणि प्रस्तुत लेखन त्याच्याच प्रेरणेने होत आहे.

१. सदनिका व ठेवी पत्नी प्रमोदिनी हिला. तिने माझी विनोदबुद्धी अठ्ठावीस वर्षे विनातक्रार नव्हे, तरी विनाघटस्फोट सोसली.

२. माझा कळफलक कन्या सई हिला. अक्षरे झिजली आहेत. ‘ग’ ठोकून दाबावा.

३. वसाहतीतील घरांच्या कोणत्या रांगेत पाण्याचा टँकर केव्हा जावा, हे ठरवणारी ‘वाटप’ नामक आज्ञावली मी रचली. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी, तिने पाळावी. जनांस सुलभ व्हावी म्हणून मी लांबलचक आज्ञा आखूड केल्या, चूक झाल्यास ती मराठीत समजावण्याची सोय केली, आणि फेरी रद्द करण्यापूर्वी तिला विचारावयास लावले: ‘नक्की?’

वसाहतीचे अध्यक्ष, माझे कनिष्ठ बंधू तात्यासाहेब, यांस हा प्रश्न राजद्रोह वाटला. “दादा, अध्यक्ष मी आहे का हे डबडं? मला परत काऊन विचारतंय?” बंधुप्रेमाने अंध होऊन मी त्यांस एकाक्षरी आज्ञा करून दिली, ती प्रत्येक प्रश्नास परस्पर ‘हो’ म्हणे. माझ्या आयुष्यातील हे एकमेव अक्षम्य सौजन्य.

एप्रिलात त्यांस एकच फेरी रद्द करावयाची होती. रांग लिहिली, तारीख विसरले, आणि ‘नक्की?’ टाळणारे ते एकाक्षर मात्र न विसरता जोडले. मागच्या रांगेच्या सप्ताहभराच्या साऱ्या फेऱ्या रद्द झाल्या. बाहत्तर घरे सात दिवस कोरडी, आणि अध्यक्ष म्हणतात, “कॉम्प्युटरची चूक.” धिक्कार असो!

त्या रांगेतील द्वारकाबाई दुखरे गुडघे ओढीत, रिकामा हंडा घेऊन माझ्या दारी आल्या. घडले ते मी सांगितले. त्या कडाडल्या, “भाऊ, विचारू द्यायचं ना त्या कॉम्प्युटरला! विचारल्यानं पाणी आटतं व्हय?” चौथी शिकलेल्या या बाईंनी माझे सारे शास्त्र एका वाक्यात आटोपले. नंतर चार दुपारी माझ्याजवळ बसून त्या आज्ञा टंकावयास शिकल्या.

४. सबब ‘वाटप’ व तिचा परवलीचा शब्द द्वारकाबाईंस. एकाक्षरी आज्ञा मी स्वहस्ते नष्ट केली आहे. तात्यासाहेबांस पडद्याच्या दर्शनाचा अधिकार राहील, स्पर्शाचा नाही.

५. माझी प्रकृती उत्तम आहे आणि पाऊस दूर आहे. मागच्या रांगेने माझ्या मरणाची वाट पाहावी, हे अन्याय्य होय. अतएव कलम ४ आजपासूनच अमलात येत आहे. उर्वरित वारसांनी सवडीने थांबावे.

साक्षीदार: आप्पासाहेब कुलकर्णी (सही), मुक्ताबाई गायके (सही)
लिहून ठेवणार: अच्युत दत्तोपंत लासूरकर (सही)
चिकलठाणा, १४ मे २०२४