उत्तरेची भिंत

माय, मंगळवारी दिग्रसच्या स्टँडवरून बाहेर पडलो आणि उत्तर दिशा सापडेना. रस्ता समोर होता. फळांच्या गाड्या, सरकीचा वास, सगळं जागच्या जागी होतं. पण कोणती बाजू कुठली, ते कळेना. तीस वर्षं मी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. डोळे मिटून उत्तर दाखवायचो. कचेरीत त्यावर चहाची पैज लागायची. मे महिन्याची दुपार, सूर्य डोक्यावर; सावलीवरून दिशा बघायला गेलो तर ती पायाखालीच. बायको सोबत होती. "काहून थांबले? चला ना," ती म्हणाली. मी खाली वाकलो, चपलेचा पट्टा काढून पुन्हा लावला. तेवढ्यात ती चार पावलं पुढे गेली. मग मी तिच्या मागे निघालो. वाकलेलो असतानाच तू आठवलीस.

तू भाकरी थापते आहेस. मला मोजणीची नोकरी नुकती लागली आहे. "बाबू, उत्तर कुठी असते रे?" "तुले काय करायची उत्तर?" "साऱ्या जगाले दाखवतं, मायले नाही दाखवत?" मी डब्यांमागच्या भिंतीकडे बोट करतो. तू पिठाचं बोट त्या भिंतीला लावतेस. मी हसतो. बायाइले दिशा समजत नाही, त्याइले खुणाच लागते, असं म्हणतो. बाबा म्हणायचे तसंच. "तुह्या उत्तरेले दार हाये काय?" तू विचारतेस. "मले तं निळ्या दारापाशी जाऊन हाक मारता येते." कडुलिंब, मग बंद पडलेली गिरणी, मग निळं दार. तेवढ्यावर तू मामीच्या घरी पोचायचीस, कधी चुकली नाहीस. तरी माझं मत ठरलेलं होतं: पुरुषाच्या डोक्यात नकाशा असतो, बाईच्या डोक्यात खुणा, आणि नकाशा मोठा. बायकोलाही मी हे किती वर्षं ऐकवलं.

पुढे रस्ता रुंद झाला, लिंब गेला. तू प्रत्येक वळणावर थांबून चपलेचा अंगठा नीट करू लागलीस. मी चिडायचो. "कितीदा चप्पल पाहतं वं? नवी घेऊन देतो." घेऊन दिली. नव्या चपलेचाही अंगठा तू नीट करत राहिलीस, आणि मी पुढे चालत राहिलो. मग एकदा तू दुपारची घरातून गेलीस ती संध्याकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीशी सापडलीस. मी चार लोकांत तुझ्यावर ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "मी कुठी हरपली? मी तं उभीच होती. तूच नव्हता." त्यानंतर दोन वर्षांत तुला मोरीपासून चुलीपर्यंतची वाट सापडेनाशी झाली.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. घर तेच आहे. आज सकाळी बायको भाजीला गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि तुझी भिंत शोधली. आधी भलत्याच भिंतीला हात लावला. कपाटातून जुनं होकायंत्र काढलं, काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबलो. मग थोडं पीठ कालवून डब्यामागे बोट लावलं. मी भ्यालो आहे, माय. दिशा गेली तर खुणांवर चालता येईल, असं मनाला सांगून बघतो. पण तुझ्याजवळ खुणा होत्या, आणि त्याही गेल्या.

गुरुवारी हिच्या गुडघ्यासाठी यवतमाळला जायचं आहे. त्याच दवाखान्यात माझंही सांगता येईल. पण आधी हिला सांगावं लागेल, आणि ते जमत नाही म्हणून हे तुला लिहितो आहे. तुला काही हे पोचायचं नाही. मघाशी ती भाजी घेऊन आली. पिठाचा डबा ओढला, भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डबा होता तसा मागे सरकवला आणि माझ्याकडे वळली. "काय झालं, सांगता काय?" ती म्हणाली. मी खाली वाकलो, चपलेच्या पट्ट्याकडे हात नेला. पायात चप्पल नव्हती.