न जळलेला तंबू

२ फेब्रुवारी
यापुढे एकही पदक विकत घ्यायचं नाही. कपाटाचा खण भरला, बायकोचे स्वेटर खुर्चीवर आले आणि त्यावरून सकाळी पुरेसं बोलणं झालं. तिला सगळी पदकं सारखीच दिसतात. अगदीच चूक नाही तिचं. युद्धाच्या काळात अंगावर युनिफॉर्म होता एवढ्यासाठी सरसकट वाटलेली पदकं आहेत माझ्याकडे. शौर्याचं एकही नाही. आता संख्या नको, क्वालिटी हवी. पक्कं ठरवलं.

दुपारी जुन्या बाजारात सहज चक्कर मारली. एक घेतलं. सरसकटातलंच. पण हे शेवटचं.

९ फेब्रुवारी
आमच्या पदकसंग्राहक क्लबची मीटिंग. पुढच्या महिन्यात लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रदर्शन. प्रत्येकानं एक पदक मांडायचं, शेजारी कार्ड: कोणाचं, कुठलं, कशाबद्दल. सेक्रेटरी म्हणजे आमचे दंतवैद्य. ते त्यांचं ते शौर्यपदक मांडणार, बुडणाऱ्यांसाठी समुद्रात उडी घेतलेल्या खलाशाचं. म्हणाले, ज्या पदकामागे गोष्ट नाही ते पदक नव्हे, कोटाचं बटण. म्हणताना माझ्याकडे बघत होते. मी ते जनरल बोलणं म्हणून घेतलं.

१० फेब्रुवारी
मामांचं पदक आठवलं! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही? हेही सरसकटातलंच, पण कडेवर नंबर, हुद्दा आणि मामांचं नाव ठोकलेलं आहे. घरचं माणूस. याला वजन येतं.

संध्याकाळी मामीकडे गेलो. रिबन कुजलीय, बदलून आणतो म्हटलं. रिबन खरंच कुजली आहे, त्यामुळे यात खोटं काही नाही. तिनं रुमालात गुंडाळलेलं पदक काढून दिलं आणि म्हणाली, लवकर आण हो, हे विचारतील. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण मामी रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्या फोटोसमोर बसते आणि दिवसभरातलं सगळं त्यांना सांगते. दूधवाला उशिरा आला इथपासून. गोड सवय आहे. मी फार थांबलो नाही. खिशात पदक असताना मला गप्पा सुचत नाहीत.

१५ फेब्रुवारी
कार्ड लिहिलं. ‘तंबू दुरुस्ती विभाग. संपूर्ण सेवा.’ बायकोला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, हे पदकाचं कार्ड आहे की शिंप्याच्या दुकानाची पाटी.

मामांनी सगळं युद्ध शिलाई मशीनसमोर बसून काढलं, याला मी काय करणार?

१६ फेब्रुवारी
विचार केला. तंबू लागतात कुठे? आघाडीवर. मग दुरुस्तीवाला कुठे असणार? ‘प्रत्यक्ष आघाडीजवळ’ एवढे दोन शब्द वाढवले. तर्काला धरून आहेत.

१८ फेब्रुवारी
तंबूला आग लागते. मी विमा कंपनीत क्लेम्स सेक्शनला आहे, काय काय पेटतं ते मला कोणी सांगायला नको. इतक्या तंबूंतला एखादा पेटला नसेल असं म्हणणंच अनैतिहासिक. एक वाक्य वाढवलं.

२० फेब्रुवारी
पेटत्या तंबूतून मामांनी जखमी जवानांना बाहेर काढलं. आधी दोन लिहिले होते. दोन अगदीच चिंधी वाटले. पाच लिहून पाहिले, जरा अति झालं. तीन ठेवले. मामांचा स्वभाव बघता त्यांनी काढलेच असते. संधी मिळाली नाही एवढाच फरक. संशोधनात मोकळ्या जागा अशाच भराव्या लागतात.

दंतवैद्यांनी फोनवर कार्ड ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहो, हे इतके दिवस लपवून का ठेवलंत?

ऑफिसात आज एकाचा क्लेम फेटाळला. गोदामाला आग लागलीच नव्हती. लोक किती सहज खोटं लिहितात!

८ मार्च
प्रदर्शन. मामी आली. मी बोलावलं नव्हतं, बायको घेऊन आली. सरप्राइज म्हणे.

चष्मा घरी विसरली होती, म्हणून मलाच कार्ड वाचायला लावलं. वाचलं. दंतवैद्यांनी मोठ्यानं वाचा म्हटलं, म्हणून मोठ्यानं. लोक जमले. एका बाईंनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या. मामीनं तीन जवानांचं वाक्य परत वाच म्हटलं. परत वाचलं. मग ती म्हणाली, गुडघा दुखतोय, मला घरी सोडा.

‘विशेष उल्लेख’ मिळाला. दंतवैद्यांनी दोन्ही हातांनी हात दाबला. मोठा क्षण. थोडी ॲसिडिटी.

१० मार्च
मामी खूश असेल. मनाला लावून घ्यावं असं त्यात काय आहे? नवऱ्याचं कौतुकच झालं. पदक परत द्यायला जायला हवं, पण नवी रिबन अजून आणायची आहे. रिबनशिवाय देणं बरं दिसणार नाही.

जेवण गेलं नाही. हॉलमधल्या बिस्किटांचा परिणाम.

१३ मार्च
बायको मामीकडे जाऊन आली. सांगते काय, तर मामीनं मामांशी अबोला धरलाय. चहा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पिते. फोटोसमोर जात नाही, फक्त धूळ पुसते, तीही न बघता.

मी म्हटलं, टेक्निकली हे शक्य नाही. अबोल्याला दोन माणसं लागतात. बायकोनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उठून गॅलरीत गेलो.

१४ मार्च
फळं घेऊन गेलो. मामी बस म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. मग हळूहळू बोलायला लागली. ह्यांनी मला सगळं सांगितलं होतं म्हणाली. कुठला तंबू कुठे फाटला, कुठली सुई बोटात गेली, कॅप्टनच्या तंबूला चुकून उलटं ठिगळ कसं लावलं. तेच तेच इतक्यांदा की मी हात जोडायची. मी उभा जन्म ठिगळं ऐकली, आणि ज्या दिवशी माणसं वाचवली तो दिवस तेवढा ह्यांनी माझ्यापासून लपवला. मी एवढी परकी होते का?

मग विचारलं, तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, मामांनीच. दुसरं काय म्हणणार? सुचलं ते बोललो.

तिनं मान हलवली. म्हणजे तुला सांगितलं, म्हणाली. फळं तशीच पिशवीत राहिली.

पोटात खड्डा पडलाय. उद्या डॉक्टरांना दाखवायचं.

१५ मार्च
डॉक्टर म्हणाले, पोट उत्तम आहे.

कालचं उत्तर चुकलं. ‘मामांनीच’ म्हणायला नको होतं. तिला तेच लागलं. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं असं तिला कळलं की सगळं ठीक होईल. एवढी सोपी दुरुस्ती आहे.

१६ मार्च
दुरुस्ती केली. मामीला सांगितलं की माझी जरा गल्लत झाली, मामा बोलले नव्हते, त्यांच्या युनिटमधल्या एका मित्रानं सांगितलं होतं. मामा बिचारे विनयशील, कोणाजवळही बोलले नाहीत.

मामीचा चेहरा खुलला! मला वाटलं, जमलं. मग म्हणाली, त्या मित्राला भेटव मला. मी घाईनं म्हटलं, ते वारले. तर म्हणते, त्यांची बायको असेल ना? तिला विचारते, तुझ्या नवऱ्यानं तुला तरी सांगितलं होतं का?

मी म्हटलं, पत्ता शोधतो.

तर आता मी एका नसलेल्या माणसाच्या नसलेल्या विधवेचा पत्ता शोधतो आहे.

१८ मार्च
मनात आलं, विधवाही वारली म्हणावं. पण इतकी माणसं मारणं बरं वाटेना.

मामीला सगळं खरं सांगून टाकायचं. शनिवारी.

२२ मार्च, शनिवार
सर्दी. मामीला लागण नको.

२४ मार्च
दंतवैद्यांचा फोन. रेजिमेंटच्या म्युझियमला मामांची हकिकत पाठवायची म्हणतात. भिंतीवर लागेल, नावासकट. फक्त पत्नीची सही हवी. मी नको म्हणणारच होतो. पण ते इतक्या आदरानं बोलत होते. माझ्याशी इतक्या आदरानं फारसं कोणी बोलत नाही. बघतो म्हटलं.

बायकोनं सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर विचारलं, ही हकिकत तुला नेमकी कुठे मिळाली? मी म्हटलं, विविध स्रोत. तिनं विचारलं, हे कार्ड तुझ्या टेबलावर क्लेम म्हणून आलं असतं तर पास केलं असतंस? मी म्हटलं, विषय वेगळा आहे. ती म्हणाली, आग लागली होती का, एवढंच सांग.

मी टूथपेस्ट संपली आहे का ते बघायला गेलो.

२५ मार्च
बायको माझ्याशी बोलत नाही. एका कार्डावर दोन अबोले.

२९ मार्च
सहीचा कागद घेऊन मामीकडे गेलो. मनाशी म्हटलं, एकदा सही झाली की मामा कायमचे मोठे होतील, मामीलाही बरं वाटेल, खरं सांगायची गरजच उरणार नाही. सगळ्यांचं भलं.

मामीनं कागद वाचला, चष्मा लावून, बोट ठेवून. मग माझ्याकडे परत सरकवला. म्हणाली, मी सही नाही करणार. हा मनुष्य शूर असेल, पण मी ह्याला ओळखत नाही. मी राहिले ती तंबू शिवणाऱ्याबरोबर. ह्या कागदावरच्या माणसाची मी कोण?

रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोलून समजूत घातली असती, ते मला जमतं. ती नुसती बसून राहिली. खोलीत फोटो, फोटोसमोर रिकामी खुर्ची, आणि त्या दोघांच्या मध्ये मी जाऊन बसलोय असं मला वाटलं. मला लाज वाटली. ॲसिडिटी नाही. लाज.

तरी बोललो नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि आलो.

३० मार्च, सकाळ
आज सांगायचं, पदकही परत द्यायचं. कसं सांगायचं ते ठरवलं आहे. थेट नको. आधी ऐतिहासिक संशोधनाच्या मर्यादा, मग स्मृती किती फसवी असते, मग अलगद मुद्द्यावर. मामी समजूतदार आहे. मला माफ करेल, पाठीवरून हात फिरवेल. कदाचित आम्ही दोघं हसूही. मनमोकळं बोलणं होईल.

३० मार्च, संध्याकाळ
संशोधनाच्या मर्यादांपर्यंत पोचलो, तेवढ्यात मामीनं विचारलं, तंबू पेटला होता का रे?

नाही म्हटलं.

ते तीन जवान?

नव्हते. मी घातले.

आणि तो मित्र?

तोही मीच.

मग तिनं विचारलं, म्हणजे हे नुसते तंबू शिवत होते? मी म्हटलं, हो मामी, शेवटपर्यंत नुसते तंबू शिवत होते. तिनं इतका मोठा श्वास सोडला की माझं पुढचं भाषण तिथेच राहिलं. मला रागावेल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. रागावली नाही. म्हणाली, पदक टेबलावर ठेव आणि जा आता. आम्हाला बोलायचंय.

दार माझ्यामागे लोटून घेतलं. मी जिन्यात थांबलो. ऐकायला म्हणून नाही, बुटाची नाडी सुटली होती. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि मग मामीचा. आधी म्हणाली, चुकलेच हो मी. मग सुरू झाली. वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले. पेपर दोन दिवस आलाच नाही. भाचीला नोकरी लागली. मध्येच हसली. मी वाट पाहत होतो की आता माझ्यावर येईल, मला शिव्या घालेल, निदान नाव तरी घेईल. साठलेलं सगळं सांगून झालं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

माझा विषय निघाला नाही.