विंडोज धरून व्ही

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय. रक्तदाबाची गोळी विसरू नका.

कंप्युटरवर विंडोजचं बटण धरून व्ही दाबलं, की आधी कॉपी केलेलंही सगळं दिसतं. तुम्हाला हे ठाऊक नसावं; घरातली यंत्रं मीच दुरुस्त करते, म्हणून तर तुम्ही मला 'मिस्त्री' म्हणता. आज सकाळी मी तिथे आधी कॉपी केलेला आपला पत्ता शोधत होते आणि सगळ्यात वर हे दिसलं: 'घरच्या अडचणीमुळे जहाजावरची नोकरी स्वीकारू शकत नाही.' खाली माझं नाव.

म्हणजे कंपनीचं बोलावणं आलं होतं. तुम्ही माझ्या मेलवरून नकार कळवलात आणि दोन्ही मेल पुसून टाकलेत. वर काल रात्री मलाच म्हणालात, "नशिबात असेल तर येईल गं."

समोरासमोर अडवलं असतंत तर भांडले असते, कदाचित थांबलेही असते. तुम्ही माझ्याच नावानं माझा गळा कापलात.

मी कंपनीत फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, "मग ती मेल कुणी लिहिली?" मला तुमचं नाव घेववेना. "चुकून गेली," म्हणाले. जागा अजून आहे. मी बंदरावर निघालेय.

पोचले की फोन करीन, पण काकूला. तुम्ही तिला विचारा.

— तुमची मिस्त्री