त्या इटालियनाची रेघ

आप्पा, रेघ सरळच होती. तुम्ही काहीही म्हणा. मी पट्टी लावून बघितली होती, मग दोरी ताणून बघितली होती, आणि तुम्हाला दाखवताना परत एकदा पट्टी लावली होती. तरी तुम्ही शेडच्या दारातच थांबलात, आत आला नाहीत, आणि तिथूनच म्हणालात, "रेघ पडलीया." पडलीया म्हणजे काय? कुठं पडली? मी विचारलं तर म्हणालात, "पट्टीनं काय बघतोस लेका, डोळ्यानं बघ की." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कोल्हापूर सोडून कुठल्या कुठं मिशिगनला आलो, तरी हे भांडण काही मिटत नाही. हातात हातोडी घेतली की डोक्यात सुरू होतं.

गाडी वकिलांची होती. गोल पाठीची, गोल मडगार्डांची, खाऊनपिऊन सुखी असल्यासारखी. उसाची ट्रॉली मागं आली आणि मडगार्ड आत गेलं. तुम्ही म्हणालात, पोरा, चेप तू काढ यावेळी. मी आठवीतनं शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलेलो, आणि पहिल्यांदाच अख्खं मडगार्ड मला दिलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मागच्या सीटवर इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एक लाल गाडी होती. तिच्या अंगावर गोलाई नावाला नव्हती. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच रेघ, जशी धोब्यानं पँटला इस्त्री मारावी तशी. खालचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. मी वकिलांच्या मडगार्डावर तशीच रेघ काढली. तुम्ही बघितलीत, आणि पुढचे दोन दिवस ती पुसत बसलात. बाहेरून तुमची हातोडी, आतून ठोकळा धरायला मी. माझी रेघ माझ्याच हातानं घालवायला लावलीत. "गाडी वकिलांची. आकार ज्यानं केला त्याचा. आपण जसं होतं तसं करून द्यायचं," हे तुमचं बोलणं. मी म्हणालो, "मग आपलं असं काहीच नाही?" त्यावर तुम्ही म्हणालात, "चहा सांग जा." हे काय उत्तर झालं, आप्पा?

आता मी ॲन आर्बरच्या बाहेर एका बॉडी शॉपमध्ये आहे. इथं असलेल्या ताईनं कागद करून मला आणलं, पण तिच्याकडं मी फार टिकलो नाही. दाजी रोज शिकायचं काढायचे. आधी टेक्सासला एका मोटेलात कामाला राहिलो, मग गॅस स्टेशनवर, मग शिकागोला, आणि शेवटी फिरून पत्र्याकडंच आलो. इथं एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. इथं ठोकत नाहीत, बदलतात. मडगार्ड चेपलं की कापून टाकायचं, कंपनीतून नवं मागवायचं, जोडायचं, रंग मारायचा. मी पहिल्या आठवड्यात एक दार ठोकून सरळ केलं तेव्हा सगळे कामधंदा सोडून बघायला आले. तेव्हापासून बॉस मला हॅमरच म्हणतो.

माझा रूम पार्टनर पुण्याचा आहे, युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. त्याला बर्फात सायकल चालवायची हौस आणि मला त्याची टिंगल करायची. त्याच्याबरोबर मी एका डॉक्टरकाकांकडं गणपतीला गेलो होतो. काका मूळचे नागपूरचे, इथं येऊन बरीच वर्षं झालेली. गॅरेजचं दार वर गेलं आणि आप्पा, आत ती उभी होती. तीच लाल गाडी. मासिकातली. काकांनी पहिल्या काही वर्षांच्या पगारातून घेतलेली. मी आरतीला गेलोच नाही, गाडीभोवती फिरत राहिलो. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "बघ बाबा बघ. आमचे हे पण असंच बघतात. माझ्याकडे कधी एवढा वेळ बघितलं नाही." काका म्हणाले, "तू अशी उभी राहतेस कुठं एका जागी!"

ती गाडी ज्यानं काढली त्याचं नाव इटालियन आहे, मला अजून धड उच्चारता येत नाही. काकांनी त्याच्यावरची मासिकं गठ्ठ्यानं दिली आणि रूम पार्टनरला मी कामाला लावलं. तो वाचून मराठीत सांगणार, मी त्याला चपात्या करून घालणार.

"यार, हा तर तुझ्यासारखाच निघाला. शाळा सोडलेला."

"पुढं वाच."

"बाप घोडागाड्यांचे दिवे करायचा, पत्र्याचे. हा तुरीनला एका गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्याकडे लागला. दिवसा पत्रा घासायचा आणि जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर कोळशानं गाड्या काढायचा. अख्ख्या मापाच्या."

"मालक ओरडला असणार."

"मालकानं भिंत पुसू दिली नाही, म्हणे. त्याच भिंतीवरनं पहिली गाडी बनवली. बघ, पत्रिका जुळते तुमची. फक्त त्याला लोक पैसे देतात."

मी त्याला पुढची चपाती करपलेली दिली.

पण मला सगळं ऐकायचं होतं. आधी त्यानं श्रीमंतांसाठी गाड्या काढल्या, धावणाऱ्या, जमिनीला चिकटलेल्या. नाव झालं, स्वतःचा कारखाना झाला. आणि मग तो एकदम म्हणाला की श्रीमंताची गाडी देखणी करण्यात काय मोठंसं, चार पोरांच्या मास्तराची गाडी देखणी करून दाखवा. आणि त्यानं खोक्यासारख्या छोट्या गाड्या काढल्या. आत मांडी घालून बसता येईल एवढी जागा, मागचं दार वर उघडणारं. लोक हसले, आणि मग सगळ्यांनी त्याच घेतल्या. रूम पार्टनरनं आणखी एक वाचून दाखवलं ते तुम्हाला आवडलं असतं: सपाट पत्रा थरथरतो, त्यात घडी घातली की ताठ होतो, मग पातळ पत्रा चालतो आणि गाडी स्वस्त पडते. म्हणजे ती रेघ नुसती नखऱ्याची नाही. जर्मन त्याच्याकडं गेले, जपानी गेले. आता मी शॉपच्या पार्किंगमध्ये उभा राहिलो की बघतो, कुठल्याही देशाची गाडी असो, अंगावर घडी त्याचीच. सगळ्या जगाच्या गाड्यांना एका माणसानं इस्त्री मारली, आप्पा. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

आणि मग फेब्रुवारीत काकांची गाडी बर्फावरून घसरली. एवढी जपलेली गाडी त्यांनी हिवाळ्यात बाहेर काढलीच कशाला, तर हॉस्पिटलातून तातडीचा फोन आला आणि दुसरी गाडी सुरू होईना. मागची डावी बाजू खांबावर आदळली, दारापासून दिव्यापर्यंत आत. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं, या गाडीचे भाग आता कुठंच मिळत नाहीत, भंगारात द्या. काका शॉपमध्ये आले तेव्हा टोपी हातात घेऊन उभे होते, एवढा मोठा डॉक्टर माणूस. "बाबू, तू सांग. होईल का? नाही म्हणालास तरी चालेल."

मी हो म्हणालो. बॉसनं मला बाजूला घेतलं. रविवारी कोपऱ्यात बसून कर म्हणाला, मजुरी तुझी तू घे, पण डॉक्टर गावभर ओळखीचा आहे, काम बिघडलं तर शॉपचं नाव जाईल. मग सोमवारपासून येऊ नकोस. हसत म्हणाला, पण खरं म्हणाला.

मी रविवारमागून रविवार ठोकलं. ठोकळे माझे मीच लाकडाचे केले. पत्रा वर आला आणि रेघ काढायची वेळ आली. मी लांब पट्टी घेतली, दाराच्या कडेपासून दिव्यापर्यंत धरली, आणि रेघ काढली. पट्टीखालून उजेडाची फट दिसेना, इतकी सरळ. मग पाणी प्यायला म्हणून दाराशी गेलो आणि वळून बघितलं.

रेघ पडली होती.

काय झालं होतं ते मला सांगता येईना, पण गाडी मागच्या बाजूनं थकल्यासारखी दिसत होती, बसकण मारल्यासारखी. मी परत पट्टी लावली. सरळ. दाराशी गेलो. पडलेली. मग मी गाडीच्या चांगल्या बाजूला गेलो, जी इटालियनानं केली तशीच होती, आणि तिला पट्टी लावली. पट्टी टेकेना, आप्पा! मधोमध रेघ वर होती, करंगळीच्या नखाएवढी. त्या माणसानं रेघ सरळ काढलीच नव्हती. सरळ काढली की डोळ्याला ती लोंबते, म्हणून त्यानं ती जराशी फुगवली होती, सरळ दिसावी म्हणून. मी बादली उलटी करून त्यावर बसलो. बॉस बिलं करत होता, त्यानं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, माझ्या बापाशी बोलतोय. त्यानं डोळे मिटून मान हलवली आणि रेडिओ बारीक केला.

तुम्ही तर इटली बघितली नव्हती. ते मासिक तुम्ही हातातही घेतलं नव्हतं. मग दारात उभं राहून तुम्हाला कसं कळलं? मला वाटतं, दुसऱ्यांचे आकार परत आणता आणता तुमच्या डोळ्यात ते साठत गेले असतील. पण तुम्हाला सांगता आलं नाही, आणि मी सांगितल्याशिवाय ऐकणारा नव्हतो.

मी पट्टी भिंतीला लावून ठेवली. पत्र्यावर पाणी ओतलं आणि तुम्ही करायचात तसं, ओल्या पत्र्यात बाहेरच्या दिव्याच्या खांबाचं प्रतिबिंब कुठं मोडतं ते बघितलं. तळहातावर मलमलीचं फडकं घेतलं, डोळे मिटले आणि हात फिरवला. उठवलं, बसवलं, परत उठवलं. दाराशी जाऊन बघायचं आणि परत यायचं. बॉस म्हणाला, हॅमर, तू काम करतोस की फेऱ्या मारतोस?

काका आले त्या दिवशी बर्फ वितळत होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग उलटी एक मारली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कोणती बाजू होती रे?" तुम्हाला लोक हेच म्हणायचे, आणि मला तेव्हा त्याचा राग यायचा. एवढं काम करायचं आणि ते दिसूही नये! त्या दिवशी मला रडू आलं असतं, पण बॉस मागं उभा होता. तो म्हणाला, "सोमवारी लवकर ये."

म्हणजे मी भांडण सोडलं असं समजू नका. रेघ पडली होती, हे मान्य. पण ती काढायलाच नको होती, हे मान्य नाही. त्या इटालियनाच्या मालकानं भिंत पुसायला लावली असती तर आज जगभर गोल मडगार्डंच फिरत असती. तुम्ही मला म्हणायला पाहिजे होतं, पोरा, मध्ये जरा उचल. एवढंच. बाकी मी केलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? लिहून झालं की घडी घालून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवीन. आईला मात्र ड्राफ्ट जाईल. एक सांगतो, तिला मी आजवर लिहीत आलो की मी मोटारींच्या कारखान्यात गाड्यांचे नमुने काढतो, आणि तिनं तेच गल्लीभर सांगितलंय. या खेपेला चिठ्ठीत लिहिलं की डेंटिंगच करतो, आप्पा करायचे तेच. काकांच्या गाडीचे मिळाले तेवढे सगळे पाठवतोय. तीनशे दहा डॉलर.