द्राक्षाच्या काड्या आणि आमची विहीर

३ फेब्रुवारी, सकाळी ७
विहिरीचा रिपोर्ट आला. शिसं आणि क्रोमियम, दोन्ही मर्यादेबाहेर. पलीकडच्या, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या शेडची कृपा. महेश म्हणाला, दादा, पायलची परीक्षा झाली की आम्ही फ्लॅटवर जातो, तिला हे पाणी नको. चिरंजीवांना घाई फार. त्याआधी पाणी शुद्ध करून दाखवतो. नात याच अंगणात वाढेल. पेपरात वाचलंय, झाडांचा टाकाऊ भाग पाण्यातले धातू धरून ठेवतो. नाशकात द्राक्षाच्या काड्यांना काय तोटा!

९ फेब्रुवारी
शेजारच्या सोमनाथच्या द्राक्षबागेतून चार गोणी काड्या. धुतल्या, गच्चीवर वाळवल्या, भाजल्या. कुटायला मिक्सर घेतला. मिक्सर गेला. बायको, सिंधू, म्हणाली, आधी चहाची गाळणी धुवायला शिका, मग विहीर धुवा. विज्ञानाला पहिला विरोध घरातूनच होतो.

१४ फेब्रुवारी
ड्रम बसवला. वर पाणी, मध्ये काड्यांचा थर, खाली नळ. पहिलं पाणी चहासारखं आलं. दूध घालू का, सिंधूने विचारलं. काड्या पुन्हा धुतल्या. धुताना चौथीतली ओढ्याची कविता गुणगुणलो, गुरुजींच्याच चालीवर. तीन कडवी अजून पाठ! आमचा ओढा आता शेडमागून वाहतो. हिरवट.

२२ फेब्रुवारी
पाणी नितळ! काड्या दर आठवड्याला बदलायच्या. जुन्या काड्या पायलच्या मेथीच्या वाफ्यात. आम्ही माळी माणसं, देठसुद्धा फेकत नाही. मातीचं मातीला. दोन ओळी सुचल्या:

विहीर माझी आरसा झाली, तळ दिसतो खोल,
नातीसाठी राखलं आम्ही थेंबाथेंबाचं मोल.

उत्तम. गुरुजी असते तर फळ्यावर लिहिली असती.

१६ मार्च
रिपोर्ट: गाळलेलं पाणी पिण्यायोग्य! महेशला तीनदा वाचून दाखवला. फ्लॅट पुढे ढकलला. सिंधूसुद्धा म्हणाली, आयुष्यात एक काम पुरं केलंत. विकतच्या पाण्याचे जार बंद. मेथी कोवळी, आठवड्यातून तीनदा भाजी. पायल स्वतः खुडते, येता-जाता कच्चीच खाते.

२ एप्रिल
वाफ्यात एकही गांडूळ नाही. ऊन फार आहे. पायलचं पोट दुखतं. शाळेबाहेरची भेळ, दुसरं काय! नव्या मेथीच्या कडा पिवळ्या पडल्यात. खत कमी पडलं असणार. अजून एक गोणी जुन्या काड्या घातल्या.

११ एप्रिल, दुपार
लॅबच्या मनाली मॅडम मुद्दाम ड्रम बघायला आल्या. फार कौतुक केलं. मग विचारलं, काका, वापरलेल्या काड्या कुठे टाकता? अभिमानाने वाफा दाखवला. त्या वाकल्या, पण मातीला हात न लावताच सरळ झाल्या. म्हणाल्या, काका, शिसं नाहीसं होत नाही हो, काड्यांत जाऊन बसतं. ही भाजी कोण खातं?
मी सांगितलं, काळजी नको, बाजारात विकत नाही. घरचेच खातो.

१९ एप्रिल
पायलच्या रक्तात शिसं निघालं. औषध सुरू केलंय. दुपारी दारात टेम्पो आला. सूनबाई सुवर्णाने नातीचं दप्तर, खेळणी उचलली. काड्या वेगळ्या पुरल्या की ड्रम अगदी बिनधोक आहे, हे मी महेशला समजावू लागलो. सिंधू म्हणाली, अहो, आता तरी गप्प बसा. महेशने टेम्पोचं फळकं लावलं.

२१ एप्रिल
वाफा खणला. मेथी, माती, सगळं गोण्यांत भरून तोंडं शिवली. लॅबची माणसं नेणार आहेत.
संध्याकाळी पायलचा फोन. आजोबा, माझ्या मेथीला पाणी घातलंत ना?
हो म्हणालो.