बेड्याची काठी

मी, दत्तात्रेय केशव सोमण, वय वर्षे पासष्ट, मीठखात्याचा निवृत्त दारोगा, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी केलेली नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. अक्षर कापते, ते चार वर्षांपासून कापते.

१. चौलची नारळी-पोफळीची वाडी व घर स्वकष्टार्जित आहे. ते माझा एकुलता मुलगा महादेव, राहणार मुंबई, यास द्यावे. मात्र अट अशी की, पुढची पडवी बंद करू नये आणि तुळशीराम व बायजा कोळीण हयात असेतो त्यांना तिथे बसण्यास मनाई करू नये. पडवीत ही कसली माणसे जमवलीत, असे महादेवने पत्रातून विचारले आहे, आणि वाडी कुणा शेटजीस विकण्याचा बेतही कळवला आहे. अट मोडल्यास वाडी तुळशीरामास जावी. तुळशीराम गावचा निवृत्त पोस्टमन. महादेवची पत्रे त्यानेच आणून दिली. फार नव्हती.

२. ती माणसे कशी जमली ते लिहून ठेवतो, म्हणजे कोर्टात कुणी याला म्हातारचळ म्हणणार नाही. एकोणतीस वर्षे मी मिठागरांवर काढली. मिठागरवाल्याच्या घरचे पाणी प्यायलो तर उद्या त्याच्या मिठाच्या राशीकडे काणाडोळा करावा लागेल, म्हणून कुणाकडे गेलो नाही, कुणाला बोलावले नाही. दिवेलागणीला मिठागराचे फाटक लावणे हेही माझेच काम. निवृत्तीच्या आधल्या वर्षी पत्नी अंबिका वारली. मला काही वाटले नाही. तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालो.

चौलला आल्यावरही दिवेलागण झाली की अंगणाच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, आडवी काठी घालायचो आणि पडवीत बसायचो. चहा दोन कप करायचो, दुसरा अळवात ओतायचो. दोन वर्षे चिटपाखरू फिरकले नाही. हा गावच माणूसघाणा, असे मी ठरवून टाकले.

मग शेजारच्या वाडीतला हमदुल्ला, गलबतावरचा जुना तांडेल, एके संध्याकाळी काठीपलीकडे येऊन उभा राहिला. म्हणाला, "दारोगा, बायकोचं सुतक दोन-दोन वर्षं पाळतात काय?" मी विचारले, कसले सुतक? तेव्हा कळले की या आळीत बेड्याला काठी आडवी म्हणजे घरात मयत झालेली, कुणी येऊ नये. सगळी आळी माझ्या दुःखाचा मान राखून होती.

"दुःख नाही," मी म्हणालो. "सवय आहे."

"मग काढा की," तो म्हणाला, आणि स्वतःच काठी काढून आत आला.

त्याच्यामागून तुळशीराम येऊ लागला. मग बायजा कोळीण बाजारातून परतताना रिकामी पाटी पायरीवर ठेवून टेकू लागली. अशी आठ वर्षे गेली. हमदुल्ला मस्कतच्या थापा मारी, बायजा त्या खोडून काढी. काय काय बोललो ते आता आठवत नाही. हसायचो, एवढे आठवते.

३. कापडी आरामखुर्ची हमदुल्लास द्यायची होती. तो गेल्या महिन्यात दुपारच्या झोपेतच गेला. खुर्ची त्याची विधवा शहरबानू हिला द्यावी. कापड त्याच्या वजनाने एका अंगाला ओघळले आहे, ते बदलू नये.

४. पितळी समई बहीण गोदावरी हिला. अंबिका गेली तेव्हा तिला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. समई घासून वगैरे देऊ नये. तिची तिने घासावी.

५. मिठाच्या राशीवर उठवायचा लाकडी छाप माझ्या ट्रंकेत आहे. तो खात्याचा आहे, परत करायचा राहिला. करावा.

६. बेड्याची काठी. हमदुल्लाला पोचवून आलो त्या संध्याकाळी मी ती पुन्हा आडवी लावली. या खेपेस सवयीने नव्हे. रडू आले नाही. हातपाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते, अजूनही वाटतात. आळीने रीतीप्रमाणे मान राखला. पाच दिवस कुणी आले नाही. सहाव्या दिवशी बायजा आली. पाटी खाली ठेवून तिने काठी उपसली.

"मेला तो मेला, दारोगा," ती म्हणाली. "जित्या मानसानं काठी लावून बसू नये. ही मी नेतंय."

आणि खांद्यावर टाकून घेऊन गेली. सध्या तिच्या अंगणात त्या काठीवर बोंबील वाळतात. काठी माझ्या मालकीची आहे व ती मी बायजास कायमची देत आहे. महादेवने अथवा कुणीही ती परत मागू नये. माझ्या सुतकातसुद्धा मागू नये, आणि बेड्याला दुसरी लावू नये.

साक्षीदार हमदुल्ला व्हायचा होता. मी त्याला कायदा सांगितला होता, की ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. तर म्हणाला, खुर्ची नको, सही करतो. उरलेल्या दोघांना या पत्रात काही ना काही आहे, म्हणून आता पडवीतले कुणीच सही करणार नाही. खालील दोघांनी माझ्यादेखत व एकमेकांदेखत सह्या केल्या आहेत. त्यांना मी काहीही देत नाही. चहा दिला.

सही: दत्तात्रेय केशव सोमण

साक्षीदार:
१. रतन दामोदर, किराणा दुकानदार
२. इक्बाल मोहम्मद, शिंपी

स्थळ: चौल, राहत्या घराची पडवी. बेडे उघडे.
दिनांक: २३ नोव्हेंबर १९३४